आघातांचे तारतम्य

रॉक संगीत म्हटले की गोंगाट आठवतो आणि त्या गोंगाटाचा धनी म्हणून ड्रमवादकाकडे बोट दाखविले जाते. ज्याच्या दंडात बळ अधिक तो वादक थोर, असाही समज आहे. या विद्येचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. येथे जोराने मारणे सोपे. हलके मारणे कठीण.

या विद्येचे मूळ लष्करी ड्रमवादनात आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात ड्रम वाजविलेल्या वृद्ध सैनिकांची पद्धत सॅनफर्ड मोलर यांनी अभ्यासिली आणि १९२५ साली ग्रंथरूपाने मांडली. चाबकासारखा हात फिरविला की एकाच हालचालीत एक ठाशीव आघात व त्यामागून हलके आघात निघतात आणि हात थकत नाही. पुढे १९३५ साली बॉस्टनचे जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचे ‘स्टिक कंट्रोल’ प्रसिद्ध झाले. त्यात उजव्या-डाव्या हातांचे साधे क्रम असून प्रत्येक क्रम वीस वेळा वाजवावा, अशी सूचना आहे. स्टोन यांचे शिष्य जो मोरेलो यांनी त्याच पाठांत आपल्या मनाने ठाशीव आघात पेरले. त्यातूनच गुरूंचे १९६१ सालचे दुसरे पुस्तक जन्मास आले.

या साऱ्या शिक्षणाचे मर्म काठीच्या उंचीत आहे. ठाशीव आघातासाठी काठी उंचावरून येते. पुढचा आघात हलका हवा असेल, तर उसळू पाहणारी ती काठी कातड्यापासून दोन बोटांवर रोखावी लागते. हे रोखणेच वर्षानुवर्षांच्या सरावाने साधते. तबल्याच्या ठेक्यात डग्ग्याचा घुमार थांबल्यावाचून ‘भरी’ खुलत नाही, हे जाणणाऱ्यास यातील इंगित सहज उमगेल.

रॉकचे नामवंत वादक याच वाटेने गेले. लेड झेपलिनच्या १९७१ सालच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गीतात जॉन बॉनहम यांचे ड्रम प्रचंड भासतात. ते हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या दालनात ठेवून वर जिन्यात टांगलेल्या मायक्रोफोनांनी ध्वनिमुद्रित केले होते. त्या भव्यतेत बाहुबळाइतकाच वास्तूच्या घुमण्याचा वाटा होता. त्याच बॉनहम यांनी १९७९ साली ‘फूल इन द रेन’मध्ये ठाशीव ठोक्यांच्या मधल्या जागा कुजबुजीसारख्या आघातांनी भरल्या. बर्नार्ड पर्डी यांचा ठेकाही अशाच आघातांवर उभा होता. या दोघांच्या वादनापासून प्रेरणा घेऊन जेफ पोर्कारो यांनी १९८२ सालच्या ‘रोझॅना’ या गीताचा ठेका घडविला. हे हलके आघात काढून टाकले, तर त्या ठेक्याची चालच नाहीशी होईल.

हा प्रश्न केवळ रुचीचा नाही. एकसारखा जोर लावणाऱ्या वादकाखाली गायकाचे शब्द बुडतात. शिवाय दीर्घकाळ मोठा आवाज सोसणाऱ्या कानांची शक्ती एकदा गेली की ती परत येत नाही. म्हणून ड्रम शिकू पाहणाऱ्या मुलास गुरूने प्रथम सावकाश आणि हळू वाजविण्यास बसवावे, हे हिताचे. ज्याला हळू वाजविता येते, त्याचाच मोठा आघात अर्थपूर्ण ठरतो.