गार्सिया द ओर्ता उद्यान, पणजी

गोव्याच्या राजधानीतील जुने सार्वजनिक उद्यान. पणजीच्या चर्च चौकात, इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पायऱ्यांसमोर ते वसले असून चहूबाजूंनी वर्दळीचे रस्ते आहेत. पणजीकर त्याला ‘म्युनिसिपल गार्डन’ म्हणतात. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज वैद्य आणि वनस्पतींचा अभ्यासक गार्सिया द ओर्ता याचे नाव त्याला पोर्तुगीज अमदानीतच मिळाले. नाव वैद्याचे असले तरी मधोमध उभा स्तंभ मात्र वास्को द गामाच्या स्मरणार्थ होता. गोवामुक्तीनंतर त्याच्या माथ्यावर अशोकाचे सिंहशीर्ष आले.

ओर्ताचा जन्म पोर्तुगालमधील काश्तेलु द व्हीद या गावी 1501च्या सुमारास झाला. आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेले. सालामांका व आल्काला येथे वैद्यक शिकून तो 1534 मध्ये पोर्तुगीज आरमारप्रमुख मार्तीं आफोंसु द सोझाचा वैद्य म्हणून गोव्यास आला आणि परत गेलाच नाही. सोझाबरोबर त्याने पश्चिम किनारा पाहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर तो उपचार करी. तिथल्या हकिमांशी औषधींवर चर्चाही होत. मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले होते, आणि तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते असे तो अभिमानाने सांगतो.

या तीस वर्षांच्या निरीक्षणाचे फळ म्हणजे गोव्यात 1563 साली छापलेला ‘कोलोक्युश’ हा ग्रंथ. तो लॅटिनमध्ये नाही, पोर्तुगीजमध्ये आहे आणि संवादरूप आहे: युरोपातून नुकताच आलेला रुआनो प्रश्न विचारतो, ओर्ता उत्तरे देतो. हिंग, मिरी, दालचिनी, भांग, अफू, विड्याचे पान, फणस अशा जिनसांची त्यात चर्चा आहे. पटकीचे वर्णनही आहे. प्राचीन ग्रीक पंडितांनी लिहिले म्हणून ते खरे, हे त्याला मान्य नव्हते; बाजारातला बनिया किंवा वैद्य काय सांगतो आणि स्वतःला काय दिसते, यावर त्याची मदार होती. ग्रंथाचे मोल खरे तर इथेच आहे. कवी कामोंइश याची छापून आलेली पहिली कविताही याच पुस्तकात आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियसने 1567 मध्ये त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि युरोपला ओर्ता ठाऊक झाला तो मुख्यतः त्यातून.

ओर्ता 1568 मध्ये गोव्यात वारला. पुढच्याच वर्षी गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याची बहीण कातारीना हिला इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयाने जिवंत जाळले. 1580 मध्ये ओर्ताच्याही अस्थी उकरून जाळण्यात आल्या. गोव्यात म्हणूनच त्याची कबर नाही. पुढे त्याच पोर्तुगालने त्याचे चित्र नोटेवर छापले आणि गोव्यात बागेला त्याचे नाव दिले. हे उशिरा सुचलेले शहाणपण म्हणावे लागेल. बागेत येणाऱ्याला हा सारा इतिहास कळेल असा ठळक फलक दर्शनी भागी असायला हवा.

पुण्याहून स्वारगेट बसस्थानकातून पणजीला जाणाऱ्या बस मिळतात. पाटो येथील कदंब बसस्थानकावर उतरून उद्यानापर्यंत चालत जाता येते.