ओक्नेसचा पहारा

दरड म्हटली की सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आषाढ-श्रावणातला पाऊस आणि लाल चिखल उभा राहतो. नॉर्वेच्या पश्चिम मुलखात मात्र दरडीचे भय पाण्यावाटे येते, कारण तेथील कडे थेट फ्योर्डांत आणि सरोवरांत उतरलेले असल्यामुळे सुटलेला खडक आधी पाण्यात पडतो आणि त्याने उसळलेली लाट काठच्या वस्तीवर चालून जाते.

लोएनच्या सरोवरात 15 जानेवारी 1905 च्या रात्री रामनेफ्येल पर्वताचा लचका कोसळला, 61 माणसे दगावली आणि ‘लोडालेन’ नावाची आगबोट काठापासून कितीतरी आत जमिनीवर जाऊन पडली. आगबोट तेथेच राहिली. माणसे मात्र परतली. दुरून पाहणारा त्यांना अविचारी म्हणेल, परंतु जेथे नांगर चालेल एवढी सपाट भूमी कड्याखालीच काय ती मिळते, तेथे कुळाने जावे तरी कोठे? 13 सप्टेंबर 1936 रोजी त्याच पर्वताने आणखी 74 बळी घेतले, आणि ते गंजलेले धूड लाटेने पुन्हा वर ढकलले. दरम्यान 1934 च्या एप्रिलात ताफ्योर्ड येथे 62 मीटर चढलेल्या लाटेत 40 जण गेले होते.

ताफ्योर्ड ज्या स्टोरफ्योर्डच्या शाखांपैकी एक, त्याच्याच दुसऱ्या शाखेवर ओक्नेसचा उतार आहे. तेथील सुमारे 5 कोटी घनमीटर खडक दर वर्षी काही सेंटिमीटर खाली सरकतो, आणि हेलेसिल्ट व गाइरांगर ही गावे त्याच्या लाटेच्या वाटेवर आहेत. 2004 पासून तेथे रीतसर पहारा बसला. लवकरच जिओफोनही आले. भूकंपमापकाचे हे धाकटे भावंड: स्प्रिंगवर टांगलेले तारेचे वेटोळे आणि त्याच्याजवळ लोहचुंबक, एवढाच त्याचा संसार. खडकाच्या पोटात कोठे तडा गेला की जमीन किंचित थरारते, वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि त्याची नोंद होते. वरून घरंगळणाऱ्या धोंड्याचा आलेख लांबट व विस्कळीत, आतल्या तड्याचा आखूड व तीक्ष्ण. दूरच्या भूकंपाचा आणखी निराळा. खरे कसब हे ओळखण्यातच आहे. शिवाय एकट्या जिओफोनच्या साक्षीवर गाव उठविण्याचा हुकूम कोणी काढीत नाही. भेगांची रुंदी, उपग्रहाधारित मापन, वितळत्या बर्फाचे पाणी, हे सर्व पडताळावे लागते.

पहाऱ्याची खरी परीक्षा पाहिली ती रौमा खोऱ्यातील वेस्लेमानेन नावाच्या सुटत्या कड्याने, म्हणजे आपल्या भाषेत ‘धाकट्या बुवा’ने. 2014 पासून रडार त्याच्यावर रोखलेले होते. त्याने पाच वर्षांत पायथ्याच्या कुटुंबांना 16 वेळा घराबाहेर काढले, आणि 2017 मध्ये वर पाणी सोडून त्याला पाडण्याचा उद्योगही त्याने निष्फळ केला. अखेर 5 सप्टेंबर 2019 च्या रात्री बुवा कोसळले, तेव्हा खालची घरे रिकामी होती.