लाटणं मोर्चा ते ‘एक दाबा, दोन दाबा’

शहरात राहणाऱ्यांच्या तक्रारी हा आपल्याकडे चेष्टेचा विषय आहे. दिवाळीला मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की सुरू होतात. ऑनलाइन मागवलेले बूट एक नंबर लहान निघाले. विमान कंपनीनं बॅगेचे जादा पैसे घेतले. कुत्र्याच्या खाण्याच्या पाकिटाची किंमत तीच ठेवली, पण आतलं वजन घटवलं. हौसेनं घेतलेली ट्रेकिंगची सॅक पहिल्याच गडावर उसवली. आपण चहा देतो, मान डोलावतो, आणि गाडी वळणाआड गेली की म्हणतो, सुखी माणसाचा सदरा जरा उसवला तरी किती बोंब!

हसा, हरकत नाही. पण या किरकिरीचा इतिहास काढून बघितला तर हसू थोडं आवरतं. आज आपल्या तालुक्यातला माणूस बंद पडलेल्या मोटारीची पावती घेऊन जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाऊ शकतो, तो रस्ता याच शहरी किरकिऱ्यांनी पाडलाय. त्यातही बहुतेक बायका होत्या, हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे ग्राहक म्हटलं की अजून पुरुषाचंच चित्र डोळ्यासमोर येतं.

१९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था काढली. तेव्हा भेसळ हा शब्द घरोघरी होता, पण भेसळ सिद्ध करायची कुठे, हे कुणाला माहीत नव्हतं. या बायकांनी वस्तू तपासायला सुरुवात केली, लोकांच्या तक्रारी कागदावर घ्यायला सुरुवात केली, पुढे ‘कीमत’ नावाचं मासिक चालवलं. त्याच्या चार वर्षं आधी, १५ मार्च १९६२ ला, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी तिथल्या संसदेला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले होते : सुरक्षितता, माहिती, निवड आणि म्हणणं ऐकलं जाणं. म्हणून १५ मार्च हा जागतिक ग्राहक दिन. पण मुंबईतल्या बाईला केनेडींची गरज नव्हती. तिला तेलाचा वास कळत होता.

मग आला १९७२ चा दुष्काळ. आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांना तो खडी फोडण्यावरून आणि सुकडीवरून आठवतो. मुंबईत तो रांगेवरून आठवतो. साखर, रॉकेल, गोडेतेल, सगळ्याला रांग, आणि रांगेत नंबर लागेपर्यंत माल संपलेला. त्या वर्षी मुंबईत महागाईविरोधी महिलांची संयुक्त समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी. एरवी एकमेकींच्या पक्षाविरुद्ध भाषणं करणाऱ्या या बाया हातात लाटणी घेऊन एका मोर्चात चालल्या. थाळ्या बडवल्या, मंत्र्यांना घेराव घातले. हाच तो लाटणं मोर्चा.

मला यातली ताकद कशात वाटते, तर लाटण्यात. झेंडा घेतला की माणूस कुठल्या पक्षाचा ते कळतं. लाटणं घेतलं की फक्त एवढंच कळतं की घरात पोळी लाटायची आहे आणि पीठ परवडत नाही. गिरगावातली कारकुनाची बायको आणि परळची गिरणी कामगाराची बायको यांना एकाच ओळीत उभं करणारं दुसरं कुठलं हत्यार होतं? मृणालताईंना पुढं सगळ्यांनी ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखलं, तेही गोरेगावच्या नळावरच्या भांडणातूनच. नळ, रॉकेल, साखर. राजकारणाचे जाड ग्रंथ लिहिणारे या गोष्टींना किरकोळ समजतात.

मोर्चानं प्रश्न पेटतो, पण महिन्याचं वाणसामान मोर्चानं येत नाही. हा व्यवहारी धागा दुसऱ्या मंडळींनी पकडला. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ ला ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. ‘गीतरामायणा’चे सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, या कामात होते, हे आज कितीजणांना ठाऊक आहे कुणास ठाऊक. पंचायतीची पद्धत साधी होती. शेजारपाजारच्या काही कुटुंबांचा एक संघ करायचा. सगळ्यांनी महिन्याची यादी भरून द्यायची. एकत्र, घाऊक खरेदी करायची, माल संघातल्या एका घरी उतरायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून तो वाटून घ्यायचा. कुणी डाळ मोजतंय, कुणी हिशोब लिहितंय. दलाल मधून गेला, भेसळ गेली, आणि दुकानदाराची मिजासही गेली.

दुकानदाराची मिजास हा शब्द नव्या पिढीला कळणार नाही. तो काळच टंचाईचा होता. ज्याच्याकडे माल तो राजा. बजाजची चेतक १९७२ ला बाजारात आली. किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं, मागणीवर नाही. त्यामुळे नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, आणि नंबर लागलाच तर तो वरचे पैसे घेऊन विकणारेही होते. टेलिफोनचं तेच. १९९१ साली सबंध देशात फोन होते साधारण पन्नास लाख. आज एकट्या मुंबईत याहून कितीतरी जास्त मोबाइल असतील. फोन मिळणं हा तेव्हा वशिल्याचा विषय. मिळालेला फोन बंद पडला तर तक्रार कुठं करायची? शेजाऱ्याच्या फोनवरून. अशा बाजारात ‘ग्राहक हा राजा’ म्हणणं म्हणजे भिकाऱ्याला सावकार म्हणण्यासारखं होतं.

पाकिटावरच्या छापील किमतीची गोष्टही याच काळातली. पॅकबंद मालावर काय काय छापलं पाहिजे याचे नियम १९७७ ला आले. पण किमतीपुढे ‘स्थानिक कर वेगळे’ अशी पळवाट असायची. तो कर किती, हे दुकानदार तोंडानं सांगायचा. १९९० ला नियम बदलला आणि सर्व करांसहित कमाल किंमत छापणं सक्तीचं झालं. म्हणून आज एसटी स्टँडवर वीस रुपयांच्या पाण्याच्या बाटलीला कुणी ‘थंड करण्याचे दोन रुपये’ मागितले तर तुम्ही बाटली उलटी करून बोट ठेवू शकता. हॉटेलात टेबलावर बसून मागवलीत तर मात्र गणित वेगळं. तिथं छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येतं, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ ला सांगितलंय. त्यामुळे भांडायचं असेल तर जागा बघून भांडा.

या सगळ्या रेट्यातून ग्राहक संरक्षण कायदा आला. २४ डिसेंबर १९८६ ला राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून आपला राष्ट्रीय ग्राहक दिन २४ डिसेंबरला. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी तीन पायऱ्यांची रचना झाली. सुरुवातीला जिल्ह्याला एक लाखापर्यंतचीच प्रकरणं चालवता यायची. साध्या कागदावर तक्रार, वकील लागत नाही. आपल्या देशात कोर्टाची पायरी चढायला वकील लागत नाही, ही केवढी मोठी गोष्ट होती, विचार करा.

पण मोठ्या माशांनी लगेच जाळ्यातून निसटायला सुरुवात केली. आम्ही दुकान नाही, आम्ही सरकार, असं गृहनिर्माण प्राधिकरणं म्हणाली. १९९३ ला लखनौच्या विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते फेटाळलं. वर हेही सांगितलं की, ग्राहकाच्या छळाची भरपाई जबाबदार अधिकारी शोधून त्यांच्याकडून वसूल करा. मग डॉक्टर म्हणाले आमचा पेशा वेगळा. १९९५ च्या निकालानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवाही कायद्याखाली आली. टेलिफोनवाल्यांना मात्र २००९ च्या एका निकालानं बरीच वर्षं आडोसा मिळाला. जुन्या तार कायद्याखाली लवादाकडे जा, ग्राहक मंचात येऊ नका, असा तो निकाल होता. तो आडोसा सुप्रीम कोर्टानंच २०२२ ला काढला. म्हणजे ज्या काळात देशाच्या हातात मोबाइल आला, नेमक्या त्याच काळात मोबाइलची तक्रार घेऊन जायचं दार अर्धं बंद होतं!

प्रवासातल्या तक्रारीचं एक उदाहरण तर मी कॉलेजात व्याख्यानाला बोलावलं की हमखास सांगतो. मथुरेतले एक वकील १९९९ च्या डिसेंबरात रेल्वेची दोन तिकिटं काढतात. सत्तर रुपये व्हायला हवेत, खिडकीवर घेतात नव्वद. वीस रुपये परत मागितले, मिळाले नाहीत. माणूस ग्राहक न्यायालयात गेला. निकाल लागला २०२२ ला! बावीस वर्षं, शंभरावर तारखा. रेल्वेला व्याजासह वीस रुपये आणि पंधरा हजारांचा दंड. कॉलेजातली पोरं हसतात. एका मुलीनं मात्र विचारलं होतं, “सर, हे जिंकले की हरले?” मी घड्याळ बघितलं आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळलो.

कायद्यात निकालाची मुदत काय आहे? तीन महिने. वस्तू प्रयोगशाळेत तपासायची असेल तर पाच. मग घोडं अडतं कुठं? बऱ्याचदा खुर्चीवर. अध्यक्ष नाही, सदस्य नाही, की तारीख पुढे. देशभरातल्या आयोगांमधल्या रिकाम्या जागांची दखल २०२१ ला सुप्रीम कोर्टाला स्वतःहून घ्यावी लागली. नेमणुकांच्या नियमांवर त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं बोट ठेवलं, २०२३ ला सुप्रीम कोर्टानं ते उचलून धरलं आणि लेखी परीक्षा घेऊन निवड करा म्हणून सांगितलं. आपल्याकडे पाण्याच्या टाकीवर चढून आंदोलन होतं, एसटी थांब्यासाठी रास्ता रोको होतो. आयोगातल्या रिकाम्या खुर्चीसाठी कुणी निवेदन दिल्याची बातमी माझ्या वीस-बावीस वर्षांच्या पत्रकारितेत माझ्या टेबलावर आलेली नाही.

आणि आता रांगेचं रूपच बदललंय. माल मुबलक आहे. दाराशी येतो, दहा मिनिटांत येतो. रांग लागते तक्रारीला. आमच्या घरचं वॉशिंग मशीन हमीच्या मुदतीत बंद पडलं. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच. मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग सनई. सात आठवडे ‘पार्ट येतोय’ चाललं. बायकोनं तेवढे दिवस चादरी हातानं धुतल्या, आणि मी घरी कमी बोललो. शेवटी रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडली, नवव्या दिवशी माणूस पार्ट घेऊन हजर. १९७२ च्या रांगेत निदान पुढं कोण उभं आहे ते दिसत तरी होतं, शेजारणीशी बोलता येत होतं, चार जणी मिळून लाटणं उचलता येत होतं. फोनच्या रांगेत प्रत्येकजण एकटा. कंपन्यांना हेच सोयीचं पडतं असं माझं मत आहे, कुणाला पटो न पटो.

कामाचं सांगतो, सेव्ह करून ठेवा. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. वस्तू कुठूनही मागवलेली असो, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की बंगळुरूला, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीच्या प्रकरणाला फी नाही. मुदत दोन वर्षं. पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्ह्यातच चालतं. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १९१५. पावती मागा, ‘बिल कशाला, जीएसटी वाचेल’ असं म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करा आणि तरीही पावती घ्या.

आणखी एक काम आहे. आपल्या गावातून १९७२-७३ ला मुंबईत नोकरीला गेलेली पुष्कळ कुटुंबं होती. तुमची आई, मावशी, काकू त्या मोर्चात चालली असेल, घरात ग्राहक पंचायतीची जुनी यादी, चेतकच्या बुकिंगची पावती, रेशनकार्ड असं काही माळ्यावर पडलं असेल तर फोटो काढून पाठवा. विशेषतः त्या मावश्यांशी मला बोलायचंय. त्यातल्या सगळ्यात तरुण असतील त्याही आता सत्तरी ओलांडलेल्या आहेत.