नाळ पुरण्यापूर्वी

लहानपणी दुधाचा दात पडला की आमची दादी तो कौलांवर फेकायला लावायची. बाळाची नाळ परसात पुरली जायची. त्यांचं काम संपलं, असंच सगळे धरून चालत. विज्ञानही बरीच वर्षं तसंच धरून चाललं होतं.

श्रोतेहो, आपल्या शरीरातल्या काही पेशी स्वतःसारख्या पेशी निर्माण करतात आणि गरजेप्रमाणे रक्ताच्या, हाडाच्या किंवा कातडीच्या पेशीही घडवतात. या मूलपेशी. जन्मानंतरही शरीरात उरतात त्या प्रौढ मूलपेशी. त्यांचा भक्कम पुरावा १९६१ साली कॅनडातल्या टोरांटोत मिळाला. डॉक्टर अर्नेस्ट मॅक्युलक आणि भौतिकशास्त्रज्ञ जेम्स टिल यांनी किरणांचा मारा केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांच्या हाडातला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, टोचली. दहा दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर गाठी दिसल्या. जितक्या जास्त पेशी टोचल्या, तितक्या जास्त गाठी! एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढली होती, हे पुढे सिद्ध झालं. मॉस्कोत अलेक्झांडर फ्रिडेनश्टाईन यांनी त्याच मज्जेत हाड घडवणाऱ्या पेशी शोधल्या.

पण मज्जा काढायची तर दात्याच्या कमरेच्या हाडात सुई घालावी लागते. शिवाय जुळणारा दाता मिळायला हवा. म्हणून दुसरे साठे शोधणं भाग पडलं.

ऑक्टोबर १९८८. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात पाच वर्षांचा एक अमेरिकन मुलगा दाखल झाला. त्याला फॅन्कोनी ॲनिमिया होता. या आनुवंशिक आजारात मज्जा रक्त बनवणं थांबवते. त्याच्या बहिणीचा जन्म झाला तेव्हा तिच्या नाळेतलं रक्त जपून घेतलं होतं. हॅल ब्रॉक्समायर यांनी ते इंडियानापोलिसमध्ये गोठवून ठेवलं. गोठवलेलंच ते पॅरिसला नेलं आणि डॉ. एलियान ग्लुकमान यांनी भावाच्या शरीरात सोडलं. पोरगा बरा झाला.

मग टाकाऊकडे पाहण्याची नजरच बदलली. २००१ मध्ये पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत शोषून काढलेल्या चरबीत अशा पेशी दाखवल्या. सोंगताओ शी या दंतवैद्य संशोधकाला आपल्या लेकीच्या पडलेल्या दातात लालसर गाभा दिसला. २००३ मध्ये दुधाच्या दातांतल्या मूलपेशी जगापुढे आल्या. २०१८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी त्या वापरून मुलांच्या दुखावलेल्या दातांचा गाभा पुन्हा उभा केला.

शोधामागोमाग बाजारही आला. बाळाची नाळ पैसे भरून साठवा, पुढे त्यालाच उपयोगी पडेल, असं नव्या आईबापांना सांगितलं जातं. पॅरिसची गोष्ट मात्र उलटं सांगते. त्या मुलाची स्वतःची नाळ साठवली असती, तर तिच्यातही तोच दोष असता. वाचवलं ते बहिणीच्या रक्तानं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनंही २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बजावलं, की रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचा इतर वापर संशोधनातच मोडतो. गुडघा, मेंदू, मधुमेह, सगळ्यांवर एकच रामबाण इलाज सांगणाऱ्यांपासून म्हणूनच जपून राहावं.

आपल्या बोलीत नाळ म्हणजे नातं. विज्ञानानं ते शब्दशः खरं केलं. मात्र हे नातं कुलुपात ठेवून कामी येत नाही. ते कुणाला तरी द्यावं लागतं.