मतदारयादीतली आमची गल्ली

माझा एक चुलतभाऊ इंग्लंडात असतो. तिकडे लोक म्हणे आपल्या खापरपणजोबांचं घर बसल्याजागी शोधून काढतात. लंडनला केली नावाची कंपनी वर्षानुवर्षं शहराची डिरेक्टरी छापायची. रस्ता, घरनंबर, राहणाऱ्याचं नाव, धंदा, सगळं ओळीने. त्याने विचारलं, "बाळापूरची नाही का अशी?"

आता काय सांगावं! आमच्याकडे पत्ता म्हणजे "किल्ल्याच्या अलीकडे, कोणालाही विचारा". गॅझेटियर उघडावं तर तिथे मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला भेटतो, १७५७ साली तो पुरा करणारा इलिचपूरचा इस्माईलखान भेटतो. आमची गल्ली काही भेटत नाही.

मग आठवलं, आपल्याकडे घरनंबरवार माणसं लिहिलेला एक कागद असतोच की. मतदारयादी! आमच्या मामांना जुनं काही फेकवत नाही. त्यांच्या पेटीत पहिल्या निवडणुकीच्या, म्हणजे १९५१-५२ च्या यादीची काही पानं निघाली. (बाळापूर तेव्हा मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर.) कडा हात लावताच तुटत होत्या.

पणजोबा सापडले. बापाचं नाव, वय, सगळं. त्यांचे दोन्ही मुलगेही. शेजारची घरंसुद्धा, ज्यांची नावं मी फक्त भांडणांच्या गोष्टींत ऐकली होती. पानभर वाचताना गल्लीतून चालल्यासारखं वाटलं.

पणजी मात्र नाही. तेव्हा ती जिवंत होती, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्या यादीच्या वेळी अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. असं नाव धरायचं नाही असं आयोगाने ठरवलं, काही ठिकाणी नाव सांगायला मुदतही वाढवून दिली. तरी सुमारे २८ लाख बायका यादीतून गळल्या. आमची पणजी त्यांतलीच असावी असा माझा अंदाज. आयोगाचं चुकलं असं मला वाटत नाही. पण आम्हीही कधी विचारलं नाही, त्याचं काय?

कोतवाल बुकातून आजोबांच्या जन्माची नोंद काढली. तिथेही बापाचं नाव आणि "मुलगा झाला".

शेवटी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "नाव कोन घेते? तिले त सारे नांदुऱ्याचीच म्हनत." थोडं थांबून म्हणाली, "तिच्या लग्नातल्या भांड्यावर असन पाय."

खरंच की! माहेरहून आलेल्या भांड्यांवर नाव घालायची रीत होती. आमच्या घरातली तांब्या-पितळेची भांडी वाटण्या झाल्या तेव्हा चार घरी गेली, काही मोडीतही गेली. माझ्याकडच्या घागरीवर पुसट "नांदुरा" वाचता येतं, पुढची अक्षरं घासून घासून गेलीत.

मलकापूरच्या काकू, अकोल्याचे दादा, तुमच्याकडे तो मोठा गंगाळ आहे ना? चिंच लावायच्या आधी त्याची कड एकदा उजेडात धरून बघा.