काळी जमीन : लातूर–नांदेड परिसर

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत मांजरा, तेरणा, मन्याड व गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेली, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात खोलवर भेगाळणारी चिकण मृदा. शेतकऱ्यांच्या बोलण्यात ती ‘काळी’ किंवा ‘भारी’ जमीन, भूगोलाच्या जुन्या पुस्तकांत ‘रेगूर’ आणि आजच्या मृदाविज्ञानात ‘व्हर्टिसॉल’ या गणातली मृदा. रंगावरून ती शिवारात कुणालाही दाखवता येते, पण रंगावर विसंबले तर फसगत होते. बांधाला बांध लागून असलेल्या दोन काळ्या शेतांपैकी एकात हरभरा नुसत्या ओलीवर येतो आणि दुसऱ्यात सोयाबीन महिन्याभरात पिवळे पडते. हा फरक समजायला प्रयोगशाळेतले आकडे, पावसाची नोंद आणि उतारावरची जागा, तिन्ही एकत्र वाचावे लागतात.

खडक आणि उतार

या मातीचा मूळ खडक दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला लाव्हा. लातूर जिल्ह्यात त्याची जाडी किती, हे एका दुर्घटनेनंतर मोजले गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे ६१७ मीटर खोल विंधनविवर घेतले. त्यात ३३८ मीटरपर्यंत बेसॉल्ट लागला, त्याखाली गाळखडकाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटी पाया.

खडक एकच असला तरी माती सगळीकडे सारखी नाही. बालाघाटच्या पठाराचा माथा, उतार आणि नदीकाठ असा एक छेद डोळ्यांसमोर आणला की तिची वाटणी उलगडते. माथ्यावर आणि तीव्र उतारावर वितीभर मुरमाड, बरड जमीन असते. झिजलेला बारीक भाग तिथे टिकत नाही, पावसाबरोबर खाली जातो. मधल्या उतारावर मध्यम काळी जमीन, तळाशी मुरूम. सखल भागात आणि नदीच्या दोन्ही अंगांना मीटर-दीड मीटर किंवा त्याहून खोल भारी काळी. ही भारी माती बहुतांशी जागच्या जागी कुजलेल्या खडकाची नसून वरून वाहत आलेल्या बेसॉल्टी गाळाची आहे. म्हणूनच औसा–निलंग्याच्या शिवारात एका ओढ्याच्या अंतरावर जमिनीची जात बदललेली दिसते.

कडेला गेले की चित्र आणखी पालटते. शेजारच्या बीदरच्या पठारावर याच बेसॉल्टच्या डोक्यावर तांबडा जांभा आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर–बिलोलीकडे, लाव्ह्याचे आवरण संपून ग्रॅनाइट व पट्टिताश्म उघडे पडतात. तिथली माती तांबूस, वाळूमिश्रित आणि लवकर वाळणारी. मांजरा याच बाजूने जाऊन गोदावरीला मिळते आणि काठाने बेसॉल्टचा काळा गाळ पसरवत जाते.

मातीचा खड्डा

मृदासर्वेक्षक आधी दीडेक मीटर खोल खड्डा घेतात आणि त्याची एक भिंत कोरून पाहतात. भारी काळ्या जमिनीत वरचा नांगरटीचा थर उन्हाने आपोआप बारीक, रवाळ होतो. त्याखाली कठीण, कोनदार ढेकळे येतात. साधारण अर्ध्या मीटरनंतर पाचरीच्या आकाराचे तुकडे आणि एकमेकांवर घासून चकचकीत झालेले तिरके पृष्ठभाग दिसतात. ओली माती फुगते, तिला बाजूला सरकायला जागा नसते, म्हणून एक तुकडा दुसऱ्यावर तिरका घसरतो. ती झिलई म्हणजे या हालचालीचा पुरावा. तळाकडे चुनखडीचे खडे वाढत जातात आणि शेवटी मुरूम लागतो.

उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा काही सेंटीमीटर रुंद आणि पुष्कळदा अर्ध्या मीटरहून खोल असतात. वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, पहिल्या पावसात भेगा मिटतात आणि आतली माती दाबली जाते. या चक्रामुळे काळ्या जमिनीत थरांच्या सीमा पुसट राहतात.

अमेरिकी मृदा वर्गीकरणानुसार व्हर्टिसॉल ठरायला तीन अटी आहेत : चिकणमातीचे प्रमाण वरपासून खालपर्यंत किमान ३० टक्के, ठरावीक काळाने उघडणाऱ्या व मिटणाऱ्या भेगा, आणि पहिल्या १ मीटरच्या आत सुरू होणारा किमान २५ सेंटीमीटर जाडीचा, चकचकीत पृष्ठांचा किंवा पाचरीच्या तुकड्यांचा थर. मराठवाड्यातली मध्यम काळी जमीन रंगाने तशीच असली तरी तिसऱ्या अटीवर अनेकदा अडते. ती मग ‘इन्सेप्टिसॉल’ गणात जाते आणि माथ्यावरची मुरमाड जमीन ‘एन्टिसॉल’ गणात.

प्रयोगशाळेतील ओळख

या मातीत चिकणमाती साधारण ४० ते ६५ टक्के भरते. तिचा मुख्य घटक स्मेक्टाइट हे खनिज. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात आणि त्यांच्या फटींत पाणी शिरते. क्ष-किरण विवर्तनाने हे खनिज नेमके ओळखता येते : ग्लायकॉलची वाफ दिली की दोन पापुद्र्यांतले अंतर सुमारे १४ वरून १७ अँगस्ट्रॉमपर्यंत वाढते आणि पोटॅशियम भरून ५५० अंश सेल्सिअसला तापवले की १० पर्यंत आकसते.

सामू बहुधा ७.८ ते ८.७, म्हणजे विम्लधर्मी. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच माती फसफसते. ही मुक्त चुन्याची खूण. अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची, म्हणजेच धन आयन विनिमयाची क्षमता किलोला ४० ते ६० सेंटिमोलच्या घरात, मुरमाड वा वालुकामय जमिनीच्या कितीतरी पट. सेंद्रिय कर्ब मात्र अनेक शेतांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली. काळा रंग भरपूर खताचा, असा समज सर्वत्र आहे, पण तो खरा नाही. थोडासाच ह्यूमस स्मेक्टाइटला घट्ट चिकटून राहतो आणि सगळी माती गडद दिसते.

चुन्याचा परिणाम पिकावर थेट दिसतो. जस्त आणि लोह मातीत असूनही मुळांना मिळेनासे होतात. जस्ताची उपलब्धता दशलक्ष भागांत ०.६ आणि लोहाची ४.५ भागांहून कमी झाली की कमतरता धरतात. पावसाळ्यात सोयाबीनचे कोवळे पान शिरा हिरव्या ठेवून पिवळे पडते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. तिथे युरियाचा हप्ता वाढवून उपयोग नसतो. फेरस सल्फेटची फवारणी लागते.

पाऊस, ऊन आणि ओल

लातूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ८०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नांदेडला त्याहून काहीसा अधिक. त्याचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. ऊन आणि वारा मिळून वर्षभरात जेवढे पाणी उडवू शकतात ते या पावसाच्या जवळजवळ दुप्पट आहे. राज्याच्या कृषी हवामान विभागणीत हा भाग ‘निश्चित पावसाचा प्रदेश’ म्हणून ओळखला जातो. वर्षावर्षांतला चढउतार मात्र मोठा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

त्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. भारी काळ्या जमिनीचा एक मीटर खोल थर पिकाला उपयोगी पडेल असे १५० ते २०० मिलीमीटर पाणी साठवतो, म्हणजे हेक्टरी १५ ते २० लाख लिटर. वितीभर मुरमाड जमिनीत याचा छोटासा अंशच मावतो. सारख्याच पावसात एका शेतात शाळू उभा राहतो आणि दुसऱ्यात करपतो, याचा हिशेब या खोलीत आहे.

साठवलेले सगळे पाणी पिकाच्या हाती लागत नाही. स्मेक्टाइट पाणी इतके घट्ट धरतो की पीक कोमेजल्यावरही मातीत वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक ओल शिल्लक असू शकते. उलट टोकाला, संततधारेत माती चिखल होते, औजार चालत नाही, पाऊल रुतते. या दोन टोकांमधली मशागतीयोग्य अवस्था म्हणजे वापसा. हलक्या जमिनीत तो लवकर येतो आणि पुष्कळ काळ टिकतो, भारी काळ्यात मोजके दिवसच. म्हणूनच खोल काळ्या जमिनी खरिपात पडीक ठेवून सप्टेंबर–ऑक्टोबरात ज्वारी, करडई व हरभरा पेरण्याची जुनी रीत होती. पावसाआधी कोरड्यात बी टाकण्याची धूळपेरणीही याच अडचणीतून आली.

आजच्या पावसाने घडवलेली नाही

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोची स्थापना १९७६ मध्ये झाली. तिथल्या दि. कु. पाल, तपस भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या काळ्या मृदांचा दीर्घ अभ्यास करून एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. सध्याच्या निमशुष्क हवामानात बेसॉल्ट झिजून एवढा स्मेक्टाइट तयार होणे शक्य नाही. तो पूर्वीच्या अधिक दमट काळात बनला. नंतर होलोसीन काळात हवा कोरडी होत गेली आणि त्याच मातीत चुना साचू लागला. स्मेक्टाइट पहिल्या काळाची खूण, चुनखडी दुसऱ्याची, आणि दोन्ही एकाच खड्ड्यात सापडतात.

चुना साचण्याची ही क्रिया थांबलेली नाही आणि तिची किंमत जमीन मोजते. कॅल्शियम चुन्यात अडकले की चिकणमातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो, कण विखुरतात, खालची छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. अशा जमिनीला शेतकरी चोपण म्हणतात. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांवर गेले की जमीन चोपण, ही जुनी कसोटी. पण विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या अभ्यासात ते ५ टक्क्यांच्या आसपास असतानाच निचरा मंदावलेला आढळला. तिथे कालव्याचे पाणी नसतानाही हे घडले. अर्धापूर–मुदखेडसारख्या केळीच्या बागायती भागात निचऱ्याकडे डोळेझाक करणे किती महागात पडू शकते, ते यावरून कळते. याउलट बेसॉल्टच्या पोकळ्यांतली ह्यूलँडाइटसारखी झिओलाइट खनिजे जिथे मातीत मिसळलेली असतात, तिथे ती कॅल्शियम पुरवत राहतात आणि जमीन चोपण होण्यापासून वाचवतात.

वापर आणि व्यवस्थापन

कापूस, तूर, रब्बी ज्वारी, हरभरा आणि करडई ही या जमिनीची जुनी पिके. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे ‘नांदेड ४४’ हे संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्यांत लोकप्रिय झाले. गेल्या काही दशकांत सोयाबीनने शिवार व्यापले आणि खरिपाची पडीक जमीन पेरणीखाली आली. या बदलाने निचऱ्याचा प्रश्न पुढे आणला. हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील इक्रिसॅटने १९७० च्या दशकापासून व्हर्टिसॉलसाठी रुंद वरंबा–सरी (बीबीएफ) पद्धत विकसित केली : पीक वरंब्यावर, जादा पाणी सरीतून हळूहळू बाहेर. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग सोयाबीनसाठी ट्रॅक्टरवरच्या बीबीएफ यंत्राने याच पद्धतीचा प्रसार करतात. चोपण झालेल्या जागी आधी चर खोदून निचरा, मग जिप्सम आणि शेणखत, असा क्रम पाळावा लागतो. निचऱ्याविना टाकलेले जिप्सम वाया जाते.

बांधकामालाही ही माती त्रास देते. हंगामागणिक फुगून–आकसून ती भिंतींना तिरके तडे पाडते. त्यासाठी पाया मुरमापर्यंत नेतात किंवा रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब वापरतात.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक नोंदले जातात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. त्यासाठीची माती वरच्या १५ ते २० सेंटीमीटरमधून घेतात. जमिनीची खोली, चिकणमातीचे प्रमाण, खालच्या थरातला चुना आणि विनिमययोग्य सोडियम यांतले काहीच त्या बारा घटकांत नाही. लातूर–नांदेडच्या भारी जमिनीसाठी शेतात एकदा तरी मीटरभर खोल खड्डा घेऊन ३०–३० सेंटीमीटरचे वेगवेगळे नमुने तपासणे, आणि शेत माथ्यावर आहे, उतारावर की काठावर, हे त्या अहवालावरच लिहून ठेवणे आवश्यक आहे. पेरणीचा काळ, पिकाची निवड आणि निचऱ्याचा खर्च हे तिन्ही निर्णय या नोंदींवर ठरतात.