'जाऊन राहिलो' आणि इंग्रजी क्रियापद

1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखाली आले आणि पुढे अमरावती-अकोल्याच्या शाळांत इंग्रजी व्याकरणाचा प्रवेश झाला. मात्र इथल्या मुलाला एक नव्हे, दोन व्याकरणे शिकावी लागली. 1836 साली दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यातून पुढे आलेल्या शालेय परंपरेने प्रमाण मानलेली मराठी पुण्या-मुंबईकडची होती. वऱ्हाडातली घरची क्रियापदे त्यात नव्हती. ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या 1905 च्या सातव्या खंडात वऱ्हाडीची दखल घेतली गेली, पण ती अभ्यासकांपुरती. शाळेच्या फळ्यावर ती 'अशुद्ध'च राहिली.

या उपेक्षेची किंमत इंग्रजीच्या तासाला मोजावी लागते, असे आम्हांस वाटते. 'मी जाऊन राहिलो' हे वऱ्हाडीत चालू क्रियेचे रूप आहे. हिंदीतील 'जा रहा हूँ' याच्याशी त्याचे जवळचे नाते दिसते. 'राहिलो' भूतकाळी दिसते, अर्थ मात्र वर्तमानाचा. 'जाऊन राहिलो' म्हणजे 'आय ॲम गोइंग' आणि 'जाऊन राहिलो होतो' म्हणजे 'आय वॉज गोइंग', इतकी सरळ जोडी इथे उपलब्ध असताना आम्ही मुलाला आधी 'जात आहे' घोकायला लावतो. हीच जोडी कुठे तुटते तेही सांगायला हवे. 'मला समजून राहिलं' याचे 'आय ॲम अंडरस्टँडिंग' होते. कारण जाणिवेच्या व स्थितीच्या क्रियापदांना इंग्रजी सहसा 'इंग' लावू देत नाही.

दुसरी नेहमीची चूक 'ही डिड नॉट वेंट' ही. तिचे मूळ केवळ वऱ्हाडीत नाही, साऱ्या मराठीत आहे. 'तो गेला' याचा नकार 'तो गेला नाही'. 'गेला' जागचे हलत नाही. इंग्रजीत भूतकाळाचा भार 'डिड' उचलते, म्हणून मूळ क्रियापद 'गो' असेच उरते. शिवाय 'रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' असे कर्मामागे धावणारे आपले क्रियापद. इंग्रजी 'एट' दोन्हीकडे तेच. प्रयोगविचार शिकलेल्या विद्यार्थ्याला हा भेद एका वाक्यात कळतो.

अशा चुका अज्ञानाच्या नसतात; एका भाषेचा नियम दुसरीत प्रामाणिकपणे पाळल्याच्या असतात. मराठीत 'अशुद्ध' आणि इंग्रजीत 'चूक' असे दोनदा ऐकलेला मुलगा हळूहळू बोलणेच टाळू लागतो. म्हणून फळ्यावर तीन रकाने असावेत: वऱ्हाडी, प्रमाण मराठी, इंग्रजी. पहिला रकाना विद्यार्थ्यानेच भरावा; तिथे त्याचे कधी चुकत नाही.